पडघान सरांचा शंभर अंश

माणिकराव पडघान यांच्यासोबत भाजीबाजारात जाऊ नये. मी एकदा गेलो आणि अर्धा किलो वांग्यांना आम्हाला पाऊण तास लागला. सरांच्या खिशात दोनशे ग्रॅमचं एक पितळी वजन असतं, सरकारी शिक्क्याचं. अनसिंगच्या बाजारात गंगूबाईच्या तराजूत त्यांनी एका पारड्यात ते ठेवलं आणि दुसऱ्यात तिचं दोनशेचं. तिचं वजन जड निघालं. बाई घाबरली. हात जोडणार, तेवढ्यात सर म्हणाले, "तुमचं नुकसान होऊन राह्यलं, बाई. गिऱ्हाइकाले तुमी जास्त देऊन राह्यल्या." आणि आमच्या पिशवीतलं एक वांगं काढून त्यांनी तिच्या टोपलीत परत टाकलं.

"मास्तर," गंगूबाई म्हणाली, "तुमच्या घरची बाई लय सोसत असन हो."

तिचा अंदाज काही चुकला नव्हता. अंजनावहिनी सोसतात. त्यांच्या चिमूटभर मिठाचं सरासरी वजन सरांनी काढून ठेवलं आहे. भाजी खारट झाली, तर दोष मिठाचा की चिमटीचा, हे त्या घरात पुराव्यानिशी सिद्ध होतं.

सर आणि मी एकाच शाळेत. ते विज्ञान शिकवतात, मी मराठी. शिक्षक खोलीत बावीस वर्षं आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी आहेत. ते मला 'भाषावाले' म्हणतात, आणि त्यात कौतुक नसतं. "तुमचं बरं आहे," ते म्हणतात. "कवीले दुःख झालं म्हणता. किती झालं, ते कोणी इचारत नाई." मी म्हणतो, सर, तुम्ही मोजून द्या, मी फळ्यावर लिहितो. ते हसत नाहीत. विनोदाचं एकक ठरलेलं नसल्यामुळे त्यांना तो दिसत नाही.

पण शिक्षक म्हणून? खोटं कशाला बोलू, असा शिक्षक मी दुसरा पाहिला नाही. आजूबाजूच्या शाळांत मोजपात्रं कपाटात कुलूपबंद असतात. काच फुटली तर उत्तर कोण देणार? सरांच्या वर्गात काच फुटते. सहावीचं पोरगं शेतातला दगड आणतं, तो दोरीला बांधून मोजपात्रातल्या पाण्यात सोडतं, पाणी किती चढलं ते वाचतं, मग दगड तोलतं आणि घनता काढतं. आकडा वाचताना डोळा पाण्याच्या पातळीत पाहिजे, म्हणून सर पोरांना गुडघ्यावर बसवून मान वाकवायला लावतात. एकदा एका पालकानं खिडकीतून हे पाहिलं आणि शाळा समितीकडे तक्रार केली, की पडघान मास्तर पोरांना बाटलीच्या पाया पाडून राह्यला. ज्या माणसानं जन्मभर कोणाला कोणाच्या पाया पडू दिलं नाही, त्याच्यावर ही तक्रार! समितीनं लेखी खुलासा मागवला. सरांनी तो आकृतीसह दिला.

हे मोजण्याचं वेड आलं कुठून, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांची आई, जमनाबाई, दुसऱ्याच्या शेतात सोंगणीला, म्हणजे कापणीला, जायची. मजुरी ज्वारीत मिळायची, पायलीनं मापून. मालकाच्या पायलीला बुडाशी आतून पोचा होता. सगळ्या बायांना तो माहीत होता. पण माप मालकाचं आणि मापणारा हातही त्याचाच. कोणी बोललं, तर उद्या कामाला येऊ नको. घरी आल्यावर आई तीच ज्वारी घरच्या मापानं मापायची, कमी भरलेली पाहायची आणि दळायला बसायची. लहानगा माणिक हे रोज पाहायचा. "खोट्या मापासारखी चोरी नाई, भाषावाले," सर म्हणाले होते. "चोर निदान लपून तर येते."

म्हणूनच पुढचं सगळं मला अवघड जातं सांगायला. हसायला येतं, आणि हसल्यावर लाज वाटते.

तर, थर्मामीटर.

आठवीच्या पोरांना सर दरवर्षी एक प्रयोग देतात, पाणी किती अंशाला उकळतं ते मोजण्याचा. तसा साधाच प्रयोग आहे. स्पिरिटचा दिवा, चंचुपात्र, पाणी आणि थर्मामीटर. पाणी खदखदलं की आकडा वाचायचा. पुस्तकात लिहिलंय शंभर. सर रुजू झाल्यावर पहिल्याच वर्षी शाळेचा थर्मामीटर अठ्ठ्याण्णवावर येऊन थांबला तो हलेना. सरांनी अर्धा तास पाणी उकळलं. पाणी संपलं, पारा अठ्ठ्याण्णवच. सर वाशीमला गेले आणि शाळांना काचसामान पुरवणाऱ्या देवेंद्रकुमार जैनांच्या दुकानात तो थर्मामीटर त्यांनी टेबलावर ठेवला. "खोटा आहे," म्हणाले. देवेंद्रकुमारनी बदलून दिला. दुसराही अठ्ठ्याण्णव, आणि त्यानंतरचाही. अशी काही वर्षं गेली. सरांनी सात की आठ थर्मामीटर खोटे ठरवून परत केले. दर वेळी सोबत लेखी अहवाल.

त्या काळात पोरांच्या प्रयोगवहीत काय लिहायचं? शंभर. थर्मामीटर खोटा असला म्हणून पाण्यानं का नियम मोडायचा? ज्यानं अठ्ठ्याण्णव लिहिलं, त्याला वाटलं असावं आपण दिसलं तेच लिहिलं. सरांना वाटायचं, यानं नीट पाहिलं नाही, डोळा पातळीत नव्हता. अशा पोराला बाकावर उभं राहावं लागे.

मग एका वर्षी देवेंद्रकुमारनी पाठवलेला थर्मामीटर बरोबर शंभरावर गेला. सरांनी त्या दिवशी शिक्षक खोलीत पेढे वाटले. मोजून, प्रत्येकी एक. "माल सुधरला," म्हणाले. "कोणी तरी आवाज उठवा लागते." तेव्हापासून सोळा-सतरा वर्षं वाशीमहून दरसाल शंभर दाखवणाराच थर्मामीटर येत राहिला.

यंदा सुकेशनी आठवीत आली. तिचे वडील अनसिंगला बर्फगोळ्याची गाडी लावतात. ही पोरगी बोलते कमी, पण पुस्तकातलं वाक्य तिला पटलं नाही की त्याखाली पेन्सिलनं बारीक टिंब देते. तिच्या विज्ञानाच्या पुस्तकाला गोवर आल्यासारखा दिसतो. बर्फ शून्य अंशाला वितळतो, या वाक्याखालीही टिंब होतं. तो प्रयोग आमच्याकडे तोंडीच होतो, कारण शाळेत बर्फ नाही. पण तिच्या घरी बर्फाशिवाय दुसरं होतंच काय! एका सकाळी ती जेवणाच्या डब्यात, लाकडाच्या भुशात गुंडाळून, बर्फाचा खडा घेऊन आली. तो कुटला, चंचुपात्रात टाकला, त्यात थर्मामीटर धरला.

"सर, दोन दाखवून राह्यला."

"थांब जरा. उतरन."

दहा मिनिटं झाली, तरी दोनच.

सर वाकले, डोळा पातळीत आणला, पाहिलं. मग चष्मा पुसून परत पाहिलं. मी बाजूच्या वर्गात होतो, पण सरांचं उत्तर मला भिंतीतून ऐकू आलं. "बर्फ भेसळीचा असन!"

सुकेशनीला राग आला असेल. बर्फावर बोलणं म्हणजे तिच्या घरावर बोलणं. दुसऱ्या दिवशी तिनं मुख्याध्यापकांच्या घरच्या फ्रीजमधला बर्फ आणला. त्याला भेसळीचा म्हणण्याची कोणाची हिंमत नव्हती. पुन्हा दोन. सुकेशनी म्हणाली, "सर, जो बर्फात दोन जास्त दाखवते, तो उकळत्या पाण्यात बी दोन जास्त दाखवत असन ना? मंग आपलं पाणी खरं किती वर उकळते?"

तास संपायला वीस मिनिटं बाकी असताना सर वर्गाबाहेर आले, आणि हे बावीस वर्षांत मी पहिल्यांदा पाहिलं.

रविवारी ते मला घेऊन वाशीमला गेले. देवेंद्रकुमार आता सत्तरीचे झालेत. गल्ल्यावर त्यांचा मुलगा मयंक बसतो, पण पडघान सरांचं गिऱ्हाईक ते स्वतः सांभाळतात. सरांनी विचारलं, "तुमी मले जे थर्मामीटर देता, ते कोठून आणता?"

"सरजी, सबके जैसाच माल आहे," देवेंद्रकुमार म्हणाले. "बस, तुमचा मी निवडून ठेवतो."

"निवडून म्हंजे?"

म्हाताऱ्यानं अभिमानानं सांगितलं. सर सारखे माल परत करायचे. जुनं गिऱ्हाईक तुटायला नको. म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. नवा डबा आला की दुकानातल्या चहाच्या पातेल्यात एकेक थर्मामीटर धरून पाहायचा. डब्यात बाराचे बारा अठ्ठ्याण्णव दाखवतात. पण चार-पाच डबे तपासले, की एखादा असा निघतो, जो शंभरावर जातो. तो कागदात गुंडाळून वेगळा ठेवायचा. वर लिहायचं, पडघान सर. "मेहनत लागते, सरजी. पण तुमच्यासारखा तपासून घेणारा मास्तर आख्ख्या जिल्ह्यात नाई. तुमाले कसाही माल कसा देऊ?"

"आणि बाकीचे?"

"बाकीच्या शाळाईले. ते डबा उघडतच नाई, त्याइले कोणताही चालते."

मी हसलो. माफ करा, पण हसलो. खरे थर्मामीटर वर्षानुवर्षं कुलपात पडून राहिले, ज्यांनी कधी पाणी तापवलं नाही त्यांच्याकडे. आणि साठातला एक खोटा, तो वाजवून, निवडून, कागदात गुंडाळून, जिल्ह्यातल्या सगळ्यात काटेकोर माणसाच्या हाती यायचा. तो त्याला खरेपणाचा दाखला द्यायचा. माझं हसू सरांकडे पाहिल्यावर थांबलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. ते फक्त म्हणाले, "पोचा." मला कळलं, ते मालकाच्या पायलीबद्दल म्हणताहेत. देवेंद्रकुमारना कळलं नाही, त्यांनी चहा मागवला.

चहा पिऊन बाहेर आल्यावर सर एसटी स्टँडऐवजी रेल्वे स्टेशनाकडे वळले. मी म्हटलं, सर, आपली तर बस आहे. ते थांबले नाहीत. फलाटाच्या टोकाला गावाच्या नावाची मोठी पिवळी पाटी असते. तिच्यावर खाली बारीक अक्षरात समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. सर त्या पाटीसमोर जाऊन उभे राहिले. पाचशेच्या पुढचा आकडा होता.

"भाषावाले," ते म्हणाले, "उंचावर हवेचा दाब कमी होते. पाणी लवकर उकळते. मी दरसाल शिकवतो. हिमालयात डाळ शिजत नाई म्हणून सांगतो." मग म्हणाले, "मले हिमालयच दिसला. वाशीम नाई दिसलं."

दर तीनशे मीटरला साधारण एक अंश कमी. सरांनी बोटांवर हिशेब केला. अठ्ठ्याण्णव पॉइंट काही तरी. पहिल्याच वर्षीच्या पहिल्याच थर्मामीटरनं हेच सांगितलं होतं.

आता कोणाला वाटेल, की सोमवारी सरांनी वर्गात जाऊन सगळं कबूल केलं असेल. नाही केलं. चार महिन्यांनी ते निवृत्त होणार आहेत. निरोप समारंभाच्या पत्रिकेचा मसुदा मीच लिहिला आहे आणि त्यात 'अचूकतेचे व्रतस्थ' असे शब्द आहेत. माणसाकडे जमीन नाही, बंगला नाही. कमावलं ते एवढंच, की पडघान मास्तरचं माप चुकत नाही. ते त्यांनी स्वतःच्या हातानं मोडायचं? सोमवारी त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'उपकरणात किरकोळ दोष आढळला.' दोष उपकरणात! सुकेशनीला मात्र ते म्हणाले, तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात तू हाच प्रयोग मांड. नवा थर्मामीटर त्यांनी स्वतः आणला, बर्फात तपासून. मी त्यांना विचारलं, आणि आधीची पोरं? ज्यांना बाकावर उभं केलं ती? सर म्हणाले, "ते आता कोठी भेटते?" आणि वर्गावर गेले. मला त्यांचा राग आला. त्या दिवशी मी त्यांच्या शेजारी बसून डबा खाल्ला नाही.

प्रदर्शनात सुकेशनीच्या तक्त्यावर ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'आमच्या गावचं पाणी किती अंशाला उकळतं?' एका बाजूला बर्फ, दुसऱ्या बाजूला दिवा. शेजारी खायच्या सोड्याचा ज्वालामुखी होता. नियम असा, की परीक्षक आले की मार्गदर्शक शिक्षकानं दोरीच्या पलीकडे उभं राहायचं आणि तोंड उघडायचं नाही. सर दोरीच्या पलीकडे उभे होते. नियम त्यांनी मोडलेला मी कधी पाहिला नव्हता.

परीक्षक बाहेरच्या तालुक्यातून येतात. या टेबलावर आलेल्या बाई कारंजा तालुक्यात विज्ञान शिकवतात. तिशी ओलांडलेल्या, छातीवर बिल्ला, हातात गुणांचा कागद. त्यांनी खदखदत्या पाण्यातला आकडा वाचला.

"हे तर अठ्ठ्याण्णव आहे."

"हो मॅडम."

"बेटा, तुहा थर्मामीटर खराब आहे. पाणी शंभरवर उकळते."

"नाई मॅडम, बर्फात बरोबर शून्य दाखवते. आपण उंचावर राहतो म्हणून..."

"उलटून बोलू नको. ऐक." त्या प्रेमानंच बोलत होत्या. "मी बी आठवीत असंच लिहिलं होतं. मले तर पक्कं दिसलं होतं अठ्ठ्याण्णव. माह्या सरांनी मले आख्खा तास बाकावर उभं केलं. तवापासून मी कधी विसरली नाई. माही पोरं बी शंभरच लिहितात. तुह्या भल्यासाठी सांगून राह्यली."

आणि त्यांनी पेनचं टोपण काढलं.

सुकेशनीचे डोळे भरले. तिनं दोरीपलीकडे पाहिलं. मीही पाहिलं. सर त्या बाईंकडे बघत होते आणि आपली जुनी विद्यार्थिनी त्यांनी ओळखली होती. मला वाटलं, आता हा माणूस खाली मान घालेल. वाटलं तसं सांगतो, लपवत नाही. पण सरांनी दोरी उचलली आणि खालून आत आले. एक स्वयंसेवक ओरडला. सरांना ते ऐकू गेलं नाही.

"धम्मदीपा," ते म्हणाले.

बाई वळल्या. "जय भीम, सर! तुमी इथं? मी हिले तुमचंच सांगून राह्यली होती!"

"चुकीचं सांगून राह्यली, बाई. आपल्या इथलं पाणी अठ्ठ्याण्णवलाच उकळते. या पोरीचं बरोबर आहे." ते सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असं बोलत होते. "तवा तुहं बी बरोबर होतं. चूक माही होती."

धम्मदीपा मॅडमना ते समजायला वेळ लागला. त्यांनी तक्ता वाचला, उंचीचा हिशेब वाचला, पुन्हा सरांकडे पाहिलं. बाजूच्या टेबलावर ज्वालामुखी फुटला, टाळ्या पडल्या. पहिला नंबर त्यालाच मिळाला, दरवर्षी मिळतो. पण आमच्या टेबलापाशी तेव्हा कोणी हललं नाही.

"मंग मी तवा बरोबर होती?"

"हाव."

"मंग मले बाकावर काहून उभं केलं होतं, सर?"

दोन लेकरांची आई, बिल्ला लावलेली परीक्षक, आणि आवाज मात्र तेरा वर्षांच्या पोरीचा. पडघान सरांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "मी तुह्या पाण्याकडे पाह्यलंच नाई. पुस्तकाकडेच पाह्यलं."

"मले आठवते," त्या म्हणाल्या. "मी तीनदा म्हटलं होतं. सर, एकदा येऊन तर पाहा. तुमी जागेवरून उठले नाई."

सर रडले. मी ते लपवत नाही, त्यांनीही लपवलं नाही.

धम्मदीपा मॅडमनी गुणांचा कागद खुर्चीवर ठेवला. दिव्यातलं स्पिरिट संपत आलं होतं. त्यांनी सुकेशनीला ते पुन्हा भरायला सांगितलं आणि चंचुपात्रात ताजं पाणी ओतलं. ते खदखदायला लागलं, तेव्हा त्या टेबलापासून बाजूला झाल्या आणि सरांसाठी जागा केली.

"या सर," त्या म्हणाल्या. "आता पाहा."